एक थेंबही आत येणार नाही

११ जानेवारी

आजपासून रोजनिशी. वाचायला कोणी नाही, माझी मला. कपाटात जुन्या स्वेटरखाली ठेवायची, कारण हिला (ही म्हणजे बायको) दुसऱ्याचं काही लिहिलेलं दिसलं की आधी चष्मा शोधायची सवय आहे.

निमित्त असं, की पेपरात पालिकेचा मसुदा आलाय. पूरप्रवण भागातल्या इमारतींसाठी बांधकाम मानके. नदीपासून आमची गल्ली तिसरी, म्हणजे आम्ही पूरप्रवण. एखादा जुनाट आजार निघाल्यासारखं वाटतं ऐकून. पूर्ण वाचला. पूररेषेच्या खाली कोणी राहायचं नाही, धंदा करायचा नाही, फक्त गाडी आणि अडगळ ठेवायची. विजेचा मीटर वर न्यायचा. आणि कळस म्हणजे खालच्या भिंतींना जमिनीलगत झरोके ठेवायचे. कशाला? तर पुराचं पाणी आत यावं आणि मग बाहेर जावं म्हणून.

पाणी आत यावं म्हणून! पुन्हा पुन्हा वाचलं. छपाईची चूक नाही.

माझा उभा जन्म पाण्याच्या टाक्या बांधण्यात गेला. निम्मं शहर माझ्या टाक्यांचं पाणी पितं. एकीतूनही थेंब गळला नाही. (एकीतून गळला होता, पण तो सिमेंटचा दोष.) जो माणूस पाण्याला आत अडवतो, तो बाहेरही अडवू शकतो. साधं लॉजिक. पण लॉजिक हवंय कुणाला? समितीला चहा-बिस्किटं मिळाली की झालं.

संकल्प : या मसुद्याला माझं घर उत्तर देईल.

१३ जानेवारी

उत्तराला उपयोगही सापडला. तळमजल्यावर लेकीचं क्लिनिक.

लेक फिजिओथेरपिस्ट आहे. परगावच्या मोठ्या हॉस्पिटलात. तिथला करार जूनमध्ये संपतोय, मग स्वतःची प्रॅक्टिस काढायची म्हणते. कुठे, असं फोनवर विचारलं की म्हणते, बघू बाबा. बघू म्हणजे तिथेच, हे न कळण्याइतका मी खुळा नाही. शिकायला गेली ती गेलीच. घरी येते तेव्हा परतीचं तिकीट आधीच काढलेलं असतं, आणि मला दिसू नये म्हणून पर्स उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवते. मला दिसतं.

आम्ही राहतो वरच्या मजल्यावर. खालचा हॉल रिकामाच पडलाय. तिचे पेशंट गुडघ्याचे, कंबरेचे, त्यांना जिना नकोच. याहून चांगली जागा तिला जगात मिळणार नाही. तयार क्लिनिक समोर दिसल्यावर परतीच्या तिकिटाचं काय ते तिचं तीच बघेल.

तिला सांगणार नाही. सरप्राइज. हिला तेवढं सांगितलं. ही म्हणाली, अहो, आधी पोरीला विचारा तरी. सरप्राइज कशाला म्हणतात हेच या बाईला कळत नाही.

२ फेब्रुवारी

शेजाऱ्याने हटकलं. या गृहस्थाचं चष्म्याचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. मी त्याला मनात बगळा म्हणतो. मान लांब, पाय काटक्या, आणि मागच्या पुरानंतर याने घरही तसंच बांधलं : खाली नुसते खांब, वर घर. खांबांमध्ये एक सायकल आणि भरपूर वारा. वर जायला जिनाही नाही, आईच्या चाकाच्या खुर्चीसाठी लांबलचक उतार केलाय. घर आहे की गोदाम!

म्हणाला, मसुदा वाचलात का, चांगला केलाय हो. मी म्हटलं, पळपुट्यांसाठी उत्तम आहे. तर हसला. अपमान केला तरी हसणाऱ्या माणसाचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.

१७ फेब्रुवारी

हरकती आणि सूचनांची सुनावणी. मी लांबलचक निवेदन टाइप करून नेलं होतं, नकाशे जोडून. मला मिळाली तीन मिनिटं. माझ्या आधीच्या माणसाने आपली तीन मिनिटं गल्लीतल्या कुत्र्यांवर घालवली. अध्यक्षांनी त्याला सांगितलं, नोंद घेतली. मला सांगितलं, नोंद घेतली. म्हणजे मी आणि कुत्री एकाच वहीत.

मंचाच्या कडेला परवानगी विभागातली एक तरुण इंजिनिअर बाई बसली होती. दर वाक्यात मानकाप्रमाणे, मानकाप्रमाणे. तिचं नाव मी मानकबाई ठेवलं. माझं बोलणं ती एकटीच लिहून घेत होती. प्रभावित झाली असावी. शेवटी तिने विचारलं, पाणी छातीपर्यंत आलं तर तुमच्या भिंतीवर बाहेरून किती दाब येईल, हे काढलंय का? मी म्हटलं, बाई, तुम्ही शाळेत होता तेव्हापासून मी दाब काढतोय. टाळ्या पडतील वाटलं होतं. हॉलमध्ये तेव्हा चहा आला.

२६ मार्च

तळमजल्याचा वापर बदलण्यासाठी अर्ज केला होता, म्हणून मानकबाई पाहणीला आली. पायात गमबूट. उन्हाळ्यात! भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाली, इथे क्लिनिक होणार नाही सर. झरोके मात्र आजच पाडून घ्या, जमिनीपासून वीतभर उंचीवर, समोरासमोरच्या भिंतींना.

मग मला समजावून सांगितलं. मला! की पाणी आत आलं की दोन्ही बाजूंनी दाब सारखा होतो आणि भिंत वाचते. अडवलंत तर ते भिंत ढकलतं. मी म्हटलं, म्हणजे कुलूप तुटू नये म्हणून चोराला दार उघडं ठेवायचं. ती म्हणाली, चोर थकतो सर, नदी थकत नाही. पाठ केलेलं वाक्य. यांना ट्रेनिंगमध्ये शिकवत असणार.

जाताना हिने तिला सरबत दिलं. दोघी फाटकापाशी उगाच बराच वेळ उभ्या होत्या.

९ एप्रिल

काम सुरू. मिस्त्री हिरा आहे. काहीही सांगा, म्हणतो, साहेब म्हणतील तसं. या गावात शहाणा माणूस हा एकच. भिंतींना आतून टाकीचं अस्तर, तीन हात. जमिनीला तेच. बेसिनचं, मोरीचं, सगळी भोकं बुजवली, कारण भोक म्हणजे फितूर. बेसिनचं पाणी कुठे जाणार, असं हिने विचारलं. म्हटलं, बादली ठेवू. खिडक्यांना पोलादी पत्रे, रबर लावून.

आणि दार! एका बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजचं दार मिळालं. जाडजूड, चारी बाजूंनी रबर, दोन दणकट कड्या. मी स्वतः उभं राहून बसवून घेतलं. आत उघडणारं. टाकीचं झाकण नेहमी आत उघडतं, म्हणजे पाण्याचा दाब त्याला चौकटीवर घट्ट दाबून धरतो. पाणी जितकं जास्त, तितकं दार पक्कं. आयुष्यभर असंच बसवत आलो.

ही म्हणाली, पण टाकीत पाणी आत असतं ना?

प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं बंधन नवऱ्यावर नाही.

२ मे

चाचणी. बागेचा पाइप घेऊन मिस्त्रीने दारावर चांगला वेळ पाणी मारलं. आत मी टॉर्च घेऊन. कोरडं ठणठणीत! बाहेर आलो तर मिस्त्री म्हणाला, साहेब, बँकेला असं दार नाही. बगळा त्याच्या उतारावरून बघत होता. मी मुद्दाम दार दोनदा आपटलं.

१९ मे

पालिकेचं पत्र. अर्ज अंशतः मंजूर. मंजूर वापर : वाहनतळ व साठवण. झरोके ठेवण्याच्या अटीवर.

अंशतः का होईना, मंजूर. क्लिनिकमध्ये मशिन्स ठेवायची असतात, म्हणजे साठवणच. पेशंट गाडीतून येतील, म्हणजे वाहनतळ. उरला झरोक्यांचा भाग, तो पावसाळ्यानंतर बघू.

मीटरही वर न्यायला सांगितलाय. मीटरला मी डबा केलाय. हवाबंद. मीटरलाही माहीत नसेल बाहेर काय चाललंय.

२८ जून

लेक आली. सामानासकट! दोन मोठी खोकी, एक ट्रीटमेंटचं टेबल, अल्ट्रासाउंडचं मशीन, कंबर ताणायचं मशीन. पर्स सोफ्यावरच टाकली. तिकीट नाही. मी हळूच बघून घेतलं.

जेवणं झाल्यावर डोळे मिटायला लावून खाली नेलं. दिवा लावला. म्हटलं, उघड.

ती पुढे गेली. भिंतीवरून हात फिरवला. दाराकडे बघितलं, बुजवलेल्या बेसिनकडे बघितलं, मग हिच्याकडे बघितलं. हिने मान खाली घातली. मग लेक म्हणाली, बाबा, हे सगळं तुम्ही माझ्यासाठी केलंत? आवाज घोगरा झाला होता. आनंदाने माणसाची वाचा बसते ती अशी. माझीही बसली, पण मी खोकून निभावलं.

परवानगीचं विचारलं तिने. म्हटलं, आलीये. खोटं नाही.

१ जुलै

मशिन्स खाली लावली. लेक म्हणत होती, काही दिवस वरच राहू देत बाबा, पावसाचे दिवस आहेत. मी ऐकलं नाही. कोरडेपणावर शंका म्हणजे माझ्यावर शंका. शेवटी तीच म्हणाली, बरं, तुमच्या समाधानासाठी. नोकरीत साठवलेलं सगळं या मशिन्समध्ये घातलंय पोरीने. असू दे. बँकेच्या तिजोरीत नसतील इतकी सुरक्षित आहेत.

उद्घाटन कधी, म्हणून विचारलं तर म्हणते, बघू बाबा. सवय जात नाही.

हल्ली ती बगळ्याकडे फार जाते. म्हातारीच्या गुडघ्यांचा व्यायाम घ्यायला, म्हणे. फुकट घेत असणार. बगळा सहज माणसाला वापरून घेतो.

३ ऑगस्ट

नदी वाढतेय. भोंगा वाजला. पालिकेची गाडी फिरून गेली, खालचं सामान वर घ्या म्हणून. गल्लीत धावपळ. गाद्या, फ्रीज, पीठ, पुस्तकं, सगळ्यांचे संसार जिन्यांवर. एवढी वर्षं नदीकाठी राहून एकाला दार बसवता येऊ नये! मला हसू आवरेना.

बगळा आला. म्हणाला, लेकीची मशिन्स माझ्याकडे वर ठेवू या, दोन खोल्या रिकाम्या आहेत, उतारावरून ढकलत नेता येतील. मी म्हटलं, तुमची सायकल माझ्याकडे ठेवायची असेल तर ठेवा, कोरडी राहील. या वेळी हसला नाही. बरं वाटलं.

जेवून जरा आडवा झालो. मोठ्या कामाआधी मी झोप काढतो. उठलो तेव्हा दोघी मायलेकी घामाघूम, चहा पीत बसलेल्या. विचारलं तर म्हणे, वर पसारा आवरत होतो.

संध्याकाळी स्वतः दार लावलं. दोन्ही कड्या. वरून सीलंटची रेघ. आत डोकावलो नाही. महत्त्वाचं जे काही असतं ते दाराच्या रबरात असतं.

४ ऑगस्ट

आलं. दुपारपर्यंत गल्लीत छातीएवढं पाणी. वरच्या गॅलरीतून बघतोय. गढूळ, निर्लज्ज पाणी. लाइट गेली. म्हणजे आमची गेली. बगळ्याकडे चालू दिसते. योगायोग.

खालून अधूनमधून कुरकुर ऐकू येते. दार काम करतंय.

लेक दोनदा म्हणाली, बाबा, काही झालं तरी वाईट वाटून घेऊ नका. मी म्हटलं, वाईट त्यांना वाटू दे ज्यांनी झरोके पाडलेत. तिने माझा हात धरून ठेवला होता. लहानपणी गर्दीत धरायची तसा. फार वर्षांनी. पूर आणखी एक दिवस राहिला तरी माझी तक्रार नाही.

६ ऑगस्ट

पाणी ओसरलं. अख्खी गल्ली चिखल उपसतेय. बगळ्याने खांबांमध्ये पाइप मारला आणि चहाच्या वेळेपर्यंत मोकळा. याला काय बांधकाम म्हणायचं? गाय धुतात तसं घर धुतलं.

मी रुबाबात खाली गेलो. सीलंट कापलं. कड्या काढल्या. दार ढकललं.

हललं नाही.

पुन्हा ढकललं. मग मुठीने वाजवलं. बद्द. हा आवाज मी झोपेतही ओळखेन. भरलेल्या टाकीचा.

काय झालं ते कळायला वेळ लागला नाही. पुराच्या पाण्याने दार बाहेरून आत रेटलं, रबर सुटलं, जेवढं गल्लीत तेवढं पाणी आत. मग गल्लीतलं गेलं. आतल्याने दार चौकटीवर दाबून धरलं. घट्ट. जितकं पाणी जास्त, तितकं पक्कं.

बगळा वाकून विचारत होता, सगळं ठीक ना? मी म्हटलं, एकदम. लगेच उघडत नाही, बाहेरची दमट हवा आत जाईल.

जेवलो नाही. म्हटलं, पित्त. आत तिची मशिन्स. माझ्या समाधानासाठी ठेवलेली.

७ ऑगस्ट

बाहेरून खिडकीच्या पत्र्याचा एक स्क्रू सैल करून बघितला. त्यातून बारीक धार लागली, घाईने पुन्हा पिळला. पातळी कालपासून बोटभरही उतरलेली नाही. काम म्हणून बघायचं तर अव्वल. हे मी दुसऱ्या कोणाच्या बाबतीतही कबूल केलं असतं.

पंप भाड्याने मिळत नाही, सगळे गावात. आणि आणला तरी चालवणार कशावर? मीटरचा डबा उघडला तर त्यातूनही पाणीच सांडलं. हवाबंद होता, शंका नाही.

कोणी नाही असं बघून दाराला खांदा लावला. पाय रोवले, श्वास भरला, सगळा जोर. दार तसंच. कंबरेत मात्र काहीतरी कट्कन झालं. उसण. तसाच वाकलेला उभा. सरळही होता येईना, खालीही बसता येईना. बायको शोधत आली तेव्हा मी दाराला मुजरा करत होतो.

दोघींनी वर नेऊन झोपवलं. शेकायची पिशवी लावताना हिने विचारलं, तिथे काय करत होतात? मग माझ्याने राहवलं नाही. सांगून टाकलं. हॉल छातीपर्यंत भरलाय, पोरीची सगळी मशिन्स त्यात गेली, मी तिला तोंड कसं दाखवू. रडलो, हेही लिहून ठेवतो. बघणारं कोण आहे.

ही पिशवी सरकवत म्हणाली, मशिन्स पुराच्या आदल्या दिवशीच तुम्ही झोपला होतात तेव्हा शेजारी नेली. तुमच्या घोरण्याच्या तालावर उतार चढलो.

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, पळभर. मग संताप आला. माझ्याच घरात माझ्या मागे कट! माझ्या दारावर इतका अविश्वास! दार चांगलं असतं तर या बायकांनी किती मोठी चूक केली असती, याचा कोणी विचार केला का?

८ ऑगस्ट

मी पलंगावर. खालचं सगळं हिच्या तोंडून कळलं, आणि थोडं गॅलरीच्या दारातून रांगत जाऊन.

मिस्त्री ड्रिल घेऊन आला. वीज बगळ्याच्या घरातून, लांब वायर टाकून. भोक कुठे पाडू, असं त्याने वर ओरडून विचारलं. मी सांगायच्या आत गमबूट घालून मानकबाई हजर. नुकसानीची पाहणी करत फिरत होती म्हणे. तिने खडूने खुणा केल्या. जमिनीपासून वीतभर उंचीवर, समोरासमोरच्या भिंतींना. मिस्त्री तिला म्हणाला, बाई म्हणतील तसं. हिरा कसला, काच निघाला.

धारा सुटल्या. गल्लीतली माणसं झाडू टाकून बघायला आली, मोबाइल काढून. आमच्या घरातून दुसरा पूर निघाला आणि ज्यांनी नुकतंच धुऊन काढलं होतं त्यांच्या दारांतून पुन्हा गेला. शिव्या वरपर्यंत ऐकू येत होत्या. जळतात.

मानकबाई वर येऊन माझी चौकशी करून गेली. म्हणाली, सर, एका गोष्टीत तुमचं नशीब. दार बाहेर उघडणारं असतं तर पाणी बाहेरच थांबलं असतं आणि सगळा दाब भिंतीवर आला असता. भिंत गेली असती, तिच्यावरचा मजलाही. तुम्ही तिघं वर होतात ना?

म्हणजे घर माझ्या दाराने वाचवलं. हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय. हे हिला ऐकवलं. हिने पांघरूण माझ्या तोंडापर्यंत ओढलं.

३० ऑगस्ट

पालिकेचं प्रमाणपत्र आलं. तळमजला मानकांनुसार योग्य. कसली हरकत नाही. गल्लीत बगळ्यानंतर आमचाच नंबर. या मसुद्याविरुद्ध सगळ्यात लांब निवेदन ज्याने दिलं, त्याच्याच घराला! हिने ते जिन्यात लावलंय, आल्यागेल्याला दिसेल असं. हॉलमध्ये स्कूटर ठेवतो. प्रशस्त वाटते तिला.

लेक क्लिनिक सुरू करतेय. बगळ्याच्या वरच्या दोन खोल्यांत. मी म्हटलं, कंबरेचे पेशंट वर चढणार कसे? ती म्हणाली, उतार आहे ना, बाबा. राहणारही तिथेच, मागच्या खोलीत, कारण सकाळी लवकर पेशंट असतात. आपल्या घरापासून पन्नास पावलंही नसतील. पुराने मशिन्स तिकडे गेली, मागोमाग तीही गेली. सगळा दोष नदीचा.

१२ सप्टेंबर

कंबर काही केल्या सुटेना. औषधं झाली, मलमं झाली. हिने न विचारता वेळ घेऊन टाकली. मी जाणार नव्हतो. गेलो.

उतार चांगला आहे. मुद्दाम काठी आपटत चढलो. वर टेबलाशी बगळा बसलेला, नावं लिहून घ्यायला. मला विचारतो, पूर्ण नाव? इतक्या वर्षांचा शेजारी! म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा. बाकावर बसवलं. माझ्या आधी दोन गुडघे आणि एक मान.

आत लेक पांढऱ्या कोटात. पालथं झोपा म्हणाली. त्या टेबलाला तोंडासाठी एक भोक असतं, त्यात चेहरा घालायचा, मग नुसती जमीन दिसते आणि तिचे बूट. तिने पाठीवर अंगठे दाबले. म्हणाली, सैल सोडा. म्हटलं, सोडलंय. नाही बाबा, धरून ठेवलंय तुम्ही. म्हटलं, सोडलंय गं. तिने वाद घातला नाही, दाबत राहिली.

मग आपण होऊनच बोलायला लागली, सहज, पेशंटशी बोलतात तसं. या खोल्या तिने जानेवारीतच ठरवल्या होत्या. शेजारच्या काकांना फोन केला होता, आईला माहीत होतं. घराशेजारी असावं, तुमची वयं झाली, म्हणून तिथली पुढची नोकरी सोडून द्यायचं तेव्हाच ठरलं होतं. आल्यावर सांगणार होती, तेवढ्यात मी तिला डोळे मिटायला लावून खाली नेलं. मग सांगवेना.

जानेवारीत. म्हणजे मी सिमेंटचं पहिलं पोतं आणायच्याही आधी.

मी भोकातूनच विचारलं, मग तेव्हाच फोनवर का नाही सांगितलंस?

अंगठे थांबले. म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही काहीतरी बांधायला काढलं असतं, बाबा.

मला उत्तर सुचलं होतं, पण त्या भोकात तोंड असलं की नीट बोलता येत नाही. अंगठे पुन्हा चालू झाले. ती म्हणाली, आता जरा सुटलं बघा.

पुढची वेळ गुरुवारची. बगळ्याने लिहून दिली.